मिरजेचा तानपुरा म्युनिकला आणायचा तर पेटी कसली घ्यावी

अगं बाय, तू विचारलंस की गोव्यातल्या फोंड्याहून इकडे येताना घरातला मिरजेचा मोठा तानपुरा आणायचाय, कापडी गवसणी पुरेल का फायबरची पेटी घेऊ. फायबरचीच घे. गवसणीने धूळ अडते, पण वरून कुणी सुटकेस टाकली तर भोपळा गेलाच.

पण नुसती पेटी दणकट असून भागत नाही. माझी पेटी अगदी धड पोचली, बाहेर ओरखडा नाही, आणि उघडली तर दांडी नि भोपळा जुळतात तिथे केसाएवढी चीर, बोटाने दाबली की उघडायची, सोडली की मिटायची. मी तिथेच जमिनीवर बसून रडले. आत दोन बोटं जागा मोकळी राहिली होती, तेवढ्यात भोपळा हलत राहिला आणि सगळे धक्के त्या जोडाने खाल्ले. इथे व्हायोलिन दुरुस्त करणाऱ्याने सरस लावून जोडला, तरी आजही तारा छेडायच्या आधी नजर तिथे जातेच.

म्हणून फोनवर मापं सांगून पेटी मागवू नको, तानपुरा बरोबर घेऊन जा, भोपळा वेलावर वाढलेला असतो, दोन सारखे मिळत नाहीत. आत ठेवून झाकण लाव, उचलून हळूच हलव, धप्प वाजलं तर जागा आहे. आजीची जुनी सुती लुगडी असतील ना, त्यांच्या गुंडाळ्या करून दांडीखाली आणि जोडाखाली घट्ट बसव म्हणजे भार एकट्या भोपळ्यावर येत नाही, तबलीवर, म्हणजे भोपळ्यावरच्या लाकडी झाकणावर, मात्र काही दाबून ठेवू नको. तारा दोन-तीन स्वर उतरव, पूर्ण सैल केल्यास तर तारा टेकतात ती घोडी सरकेल, तिच्या जागेवर पेन्सिलने बारीक खूण कर. आणि घोडी जुनी असेल तर कशाची आहे ते कारागिराला विचार, सांबरशिंग किंवा हस्तिदंत निघालं तर बदलूनच ये, कस्टम्सला अडकशील.

खर्चाचं म्हणशील तर १५० बाय ५० बाय ४५ सेंटीमीटरची पेटी विमान कार्गोने पाठवलीस की लांबी-रुंदी-उंचीचा गुणाकार भागिले ६००० असा हिशोब लावतात, म्हणजे प्रत्यक्षात पंधरा किलो असली तरी ५६ किलोचे पैसे. सामानात आणायची तर नेहमीची मर्यादा तिन्ही मापांची बेरीज १५८ सेंटीमीटर, आपली भरते २४५, त्यामुळे तिकीट काढायच्या आधी एअरलाइनकडून लेखी होकार घे. गोव्याच्या मोपा किंवा दाबोळी विमानतळावरून विमानं बदलत येण्यापेक्षा मी तर मडगावहून मांडवी एक्सप्रेसने मुंबईपर्यंत पेटी स्वतःजवळ घेऊन येईन, दर बदलीला ती आणखी चार हातांतून जाते गं.

पोचल्यावर एक दिवस पेटी बंदच राहू दे. आपल्याकडच्या दमट हवेतलं लाकूड इथल्या हीटरच्या कोरड्या खोलीत एकदम काढलं तर तबली तडकू शकते, आणि नंतरही रेडिएटरच्या भिंतीला टेकवून ठेवू नको. आता भोपळ्याचा घेर आणि एकूण लांबी मोजून मला पाठव, पेटी साधारण केवढी लागेल ते बघते.