अर्थमंत्री की वित्तमंत्री?

सातवीतल्या मुलाच्या निबंधाच्या वहीचा फोटो त्याच्या आईनं पाठवलाय. मुलानं लिहिलंय, ‘चिंतामणराव देशमुख भारताचे अर्थमंत्री होते.’ त्यातल्या ‘अर्थ’वर लाल फुली मारून वर ‘वित्त’ लिहिलंय, आणि समासात शेरा आहे : ‘अर्थ म्हणजे मीनिंग.’ ताई विचारतात, मुलाचं खरंच चुकलं का?

मुळीच नाही. मी तर म्हणेन, त्यानं मराठीतला घरचा शब्द वापरलाय.

अर्थ म्हणजे आशय हे खरं, पण अर्थ म्हणजे पैसा हेही तितकंच जुनं आहे. अर्थार्जन, अर्थसाहाय्य, आर्थिक अडचण हे शब्द आपण रोज वापरतो, आणि तिथं कुणाचा गोंधळ होत नाही. फेब्रुवारीत सगळा देश ज्याची वाट बघतो, त्याला मराठीत अर्थसंकल्प म्हणतात. हिंदीनं तिथं सरळ ‘बजट’ घेतला. आपण मात्र वर्षभराच्या पैशाचा संकल्प म्हणून इतका नेमका शब्द घडवला आणि तो रुळवलाही. जो अर्थसंकल्प मांडतो तो अर्थमंत्री, ही जोडी मराठी कानाला आपोआप जुळते. ‘वित्तमंत्र्यांनी अर्थसंकल्प मांडला’ हे वाक्य चुकीचं नाही, पण मला ते वाचताना प्रत्येक वेळी जरा खटकतं.

आता वित्त. संस्कृतातल्या विद् म्हणजे मिळवणे या धातूवरून तो आला. मिळालेलं, हाती असलेलं ते वित्त. पूर ओसरल्यावरच्या बातमीत ‘जीवित व वित्तहानी’ असते, तिथं हा शब्द अगदी चपखल बसतो : वाहून गेलेलं धान्य, गुरं, भांडीकुंडी. अर्थाचा पैस याहून मोठा आहे. कौटिल्यानं माणसांच्या वृत्तीला, म्हणजे उपजीविकेला, अर्थ म्हटलं, आणि माणसांनी वसलेल्या भूमीलाही. म्हणून त्याच्या अर्थशास्त्रात खजिन्याइतकीच शेती, खाणी आणि जकातही येते. देशाच्या तिजोरीबरोबर लोकांच्या पोटापाण्याचा विचार ज्यानं करायचा, त्याला अर्थमंत्री म्हणणं मला म्हणूनच अधिक पटतं.

आपलं राज्य सरकारही हा भेद पाळतं. जमाखर्च पाहणारा तो वित्त विभाग. राज्यातली शेती, उद्योग, रोजगार यांची आकडेवारी गोळा करून दरवर्षी ‘महाराष्ट्राची आर्थिक पाहणी’ काढणारं ते अर्थ व सांख्यिकी संचालनालय. पैसा मोजायचा तिथं वित्त, व्यवहार समजून घ्यायचा तिथं अर्थ.

मग वित्तमंत्री आला कुठून? केंद्राचा कारभार हिंदीत ‘वित्त मंत्रालय’ या नावानं चालतो, आणि तोच शब्द हिंदी बातम्यांतून आपल्याकडे झिरपतो. पण हिंदीत आहे तेवढंच शुद्ध, असं थोडंच आहे! बंगालीत आणि ओडियात अर्थमंत्रीच म्हणतात. नेपाळच्या सरकारात तर मंत्रालयाचं अधिकृत नावच अर्थ मंत्रालय आहे. तेलुगूत आर्थिक मंत्री, मल्याळममध्ये धनमंत्री, तमिळनं निधी घेतला, कन्नडनं हणकासू. गुजरातीतला नाणामंत्री मला फार आवडतो, कारण त्यात आपलं नाणं खणखणतं. शिवकाळात आपल्याकडे यातलं काहीच नव्हतं. तेव्हा जमाखर्च बघणारा तो मुजुमदार, आणि महाराजांच्या अष्टप्रधानांत त्यालाच अमात्य हे नाव मिळालं.

शिवाय या पदाशी मराठी माणसाचं नातं जुनं आहे. महाडजवळच्या नाते गावी जन्मलेले, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झालेले सी. डी. देशमुख १९५० ते १९५६ अर्थमंत्री होते. पुढे १९७०मध्ये यशवंतराव चव्हाण, १९८८मध्ये शंकरराव चव्हाण आणि १९८९मध्ये मधु दंडवते त्या खुर्चीवर आले. दंडवत्यांनी त्याआधी जनता सरकारात रेल्वेचं अंदाजपत्रकही मांडलं होतं. (अंदाजपत्रक हाही सुंदर शब्द. महापालिकेपासून गृहनिर्माण सोसायटीपर्यंत तो अजून चालतो.) या सगळ्यांना आमच्या घरात आजोबांपासून अर्थमंत्री हेच म्हटलेलं मी ऐकलंय. निर्मला सीतारामन यांनाही आपण अर्थमंत्रीच म्हणतो. स्त्री आहे म्हणून ‘मंत्रिणी’ करावं लागत नाही.

वित्त टाकून द्या असं मात्र माझं म्हणणं नाही. वित्त आयोग, वित्त विधेयक, वित्त सचिव ही ठरलेली नावं आहेत, ती तशीच लिहावीत. मंत्रालयात अर्ज द्यायचा असेल तर ‘वित्त व नियोजन मंत्री’ असंच लिहा, कारण तिथं खात्याचं नाव चालतं. वित्तपुरवठा, वित्तसंस्था हे शब्दही पक्के रुजलेत. मात्र बातमीत, निबंधात, बोलण्यात अर्थमंत्री खोडायचं काहीच कारण नाही.

ताई, वहीच्या त्याच पानावर चार ओळी खाली एक वाक्य आहे : ‘मुंबई केंद्रशासित करण्याच्या प्रश्नावर त्यांनी अर्थमंत्रीपदाचा राजीनामा दिला.’ तिथं लाल शाई दिसत नाही, पण दुरुस्ती हवी ती तिथं. मंत्री हा मुळात संस्कृत ‘मंत्रिन्’. तो एकटा असताना दीर्घ लिहायचा, समासात पहिला आला की ऱ्हस्व : मंत्रिमंडळ, मंत्रिपद, अर्थमंत्रिपद. तेवढी एक वेलांटी त्याच्याकडून बदलून घ्या, आणि ‘अर्थ’वरची फुली बाईंना दाखवून काढून घ्या.