पोस्टरवर फोटो एकच हवा

१९ ऑगस्टचा जागतिक छायाचित्रण दिन जवळ आला की कॉलेजांत विद्यार्थ्यांची प्रदर्शनं भरतात. त्यासोबत पोस्टर, निमंत्रण, फोटोखालच्या पट्ट्या यांबद्दलचे प्रश्नही येतात. त्यांतले काही इथे घेतले आहेत.

प्रश्न: आम्ही चौदा जण आहोत. पोस्टरवर प्रत्येकाचा फोटो हवा, असा सगळ्यांचा आग्रह आहे. कोलाज कसा करावा?

करू नका. मजकुराची जागा सोडली तर ए-३ पोस्टरवर प्रत्येकाच्या वाट्याला पत्त्याच्या पानाएवढी जागा येईल, आणि नोटीस बोर्डासमोरून जाणाऱ्याला त्यातलं काहीच दिसणार नाही. एकच फोटो घ्या. तो सगळ्यांत उत्तम असायला हवा असंही नाही. आभाळ, पाणी, रिकामी भिंत अशी एक बाजू मोकळी असलेला फोटो शोधा, म्हणजे अक्षरं कुणाच्या चेहऱ्यावर चढणार नाहीत. चार-पाच फोटोंच्या साध्या ए-४ प्रिंट काढून भिंतीला लावा आणि दहा फुटांवरून बघा. नजर आधी जिकडे जाईल, तो तुमचा फोटो.

उरलेल्या तेरा जणांचं मन मोडायची गरज नाही. डिजिटल छपाईत प्लेट लागत नाही. त्यामुळे सगळी कार्डं एकसारखी छापा किंवा चौदा वेगवेगळी, एका शीटचा दर तोच राहतो. निमंत्रणाची कार्डं चौदा प्रकारची करा. प्रत्येक जण स्वतःचा फोटो असलेलं कार्ड घेऊन घरी, शेजारी, जुन्या शाळेत जाईल.

प्रश्न: मोबाइलवर झकास दिसणारा फोटो छापून आला की काळपट होतो. प्रेसवाल्याची चूक आहे का?

बहुतेक वेळा नाही. स्क्रीनमधून स्वतःचा उजेड येतो. कागद मात्र त्याच्यावर जेवढा उजेड पडेल त्यातलाच थोडा परत देतो. शिवाय स्क्रीनवरचे झगझगीत निळे-हिरवे रंग छपाईच्या चार शायांत उतरतच नाहीत. म्हणून स्क्रीनचा ब्राइटनेस निम्म्यावर आणून मगच फोटो पारखा. त्यानंतर एका शीटवर त्याच फोटोच्या तीन पट्ट्या छापून घ्या: आहे तशी, थोडी उजळ, आणखी उजळ. कागद शेवटी वापरणार तोच हवा, कारण साधा कागद शाई पितो आणि सावल्या बुजतात. रात्रीचे फोटो असतील तर मॅट आर्ट पेपर बरा. त्या पट्ट्या दुकानाच्या दारात उन्हात बघू नका, हॉलमध्ये नेऊन तिथल्या दिव्यांखाली बघा. एका शीटच्या पैशात सगळी छपाई वाचते.

आणि फोटो व्हॉट्सॲपवर साधा पाठवू नका, तो लहान होऊन जातो. डॉक्युमेंट म्हणून पाठवा. ए-३ आकारासाठी ३०० डीपीआयला (म्हणजे इंचाला ३०० ठिपके) ३५०८ बाय ४९६१ पिक्सेल लागतात.

प्रश्न: आमच्या फाइलमधला मराठी मजकूर प्रेसमध्ये उघडल्यावर वेलांट्या सरकल्या, जोडाक्षरं फुटली. काय करावं?

तुम्ही युनिकोडमध्ये टाइप करता. प्रेसच्या कॉम्प्युटरवर तुमचा फॉन्ट नसेल किंवा सॉफ्टवेअर जुनं असेल, तर असं होतं. ‘मुक्त’ (Mukta) या नावाच्या फॉन्टसारखा मोफत फॉन्ट वापरा, अक्षरं कर्व्ह करा (म्हणजे त्यांचं चित्रासारख्या आकारांत रूपांतर करा) आणि पीडीएफच द्या. कडेला ३ मिमी ब्लीड ठेवा, म्हणजे कापायच्या रेषेच्या बाहेर चित्र तेवढं जास्त घ्या. कर्व्ह केल्यावर चूक दुरुस्त करता येत नाही, म्हणून मूळ फाइल जपून ठेवा.

प्रश्न: दहा पानांची पुस्तिका चालेल?

सेंटर पिन करणार असाल, म्हणजे घडीवर मधोमध पिना मारणार असाल, तर नाही. पानं चारच्या पटीत लागतात: आठ किंवा बारा.

प्रश्न: फोटोखालच्या पट्टीवर काय लिहावं, अक्षर केवढं असावं?

नाव, वर्ग, फोटो कुठला आणि केव्हाचा, एवढं पुरे. ‘जीवनाची वाट’ असलं शीर्षक देण्यापेक्षा ‘पहाटे साडेपाच, भाजी मंडई’ लिहा. बघणारा पुन्हा फोटोकडे वळेल. नाव २४ पॉइंटात, बाकीचं १८ च्या खाली नको. पांढऱ्या कागदावर काळी अक्षरं घ्या, पट्टी ३ मिमी सनबोर्डवर (हलक्या फोमच्या पुठ्ठ्यावर) चिकटवा. पावसाळी हवेत नुसता कागद कडांना वळतो.

नावं मात्र टाइप करण्याआधी प्रत्येकाला स्वतःच्या हाताने लिहून द्यायला सांगा आणि प्रूफवर (छपाईआधीच्या नमुन्यावर) त्याचीच सही घ्या. गावाहून एसटीने आलेले आई-वडील फोटोच्या आधी ती पट्टी वाचतात.