गॅस दरवर्षी का संपतो?

प्रश्न : आमचा दीड टनाचा स्प्लिट एसी रात्री बरा चालतो, दुपारी मात्र नुसता वारा फेकतो. मेकॅनिक दर उन्हाळ्यात ‘गॅस संपला’ म्हणून गॅस भरून जातो. सासऱ्यांचं वय झालंय, त्यांना दुपार सोसवत नाही. काय करू?
— एक वाचक, चंद्रपूर

उत्तर : ताई, एसीतला गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. बंद नळ्यांतून तोच तो फिरत राहतो. कमी झाला असेल तर कुठेतरी गळतोय, आणि गळती न शोधता भरलेला गॅस पुन्हा निघूनच जाणार. हा खर्च आधी थांबवा.

पण रात्री चालतो आणि दुपारी नाही, म्हटल्यावर मी तरी पहिल्यांदा बाहेरचं युनिट बघेन. खोलीतली उष्णता तिथून बाहेर पडते. तुमच्याकडे कोळशाच्या खाणी, वीज केंद्र, दिवसभर ट्रकांची ये-जा. ती काळपट धूळ कॉइलच्या पातळ पत्र्यांत थर धरून बसते. बाहेर ४५ अंश असताना त्या थरातून उष्णता निघत नाही. कॉम्प्रेसर तापून बंद पडतो, आतला पंखा तेवढा फिरत राहतो. म्हणून नुसता वारा.

सकाळी एमसीबी, म्हणजे एसीच्या लाइनचा मेन स्विच, पाडा. कोरड्या मऊ ब्रशनं वरून खाली धूळ झाडा, मगच पाइपनं साधं पाणी सोडा. आधीच पाणी मारलं तर आत चिखल होतो. प्रेशर वॉशर नको, पत्र्या दुमडतात. युनिट भिंतीबाहेर उंचावर असेल तर स्वतः वाकून काही करू नका, माणूस बोलवा. आतल्या जाळ्या पंधरवड्याला, नवतपात (मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत) आठवड्याला धुऊन सावलीत वाळवा.

तरीही फरक नाही पडला, तर मेकॅनिकला नळ्यांच्या जोडांवर साबणाचा फेस लावून गळती दाखवायला सांगा. जोडापाशी तेलकट डाग असेल तर बहुधा तिथेच आहे. जोड दुरुस्त करून, व्हॅक्यूम करून (म्हणजे पंपानं नळ्यांतली हवा आणि ओल काढून), युनिटच्या पट्टीवर लिहिलंय तेवढाच गॅस काट्यावर तोलून भरायचा. तुमच्या पट्टीवर आर-३२ लिहिलं असेल तर तो गॅस पेट घेऊ शकतो. नळीत गॅस असताना जोड डागायची ज्योत (टॉर्च) लावू देऊ नका.

आणि एसीच्या खोलीत सोबत कूलर लावू नका. कूलरची ओल काढण्यातच एसीची ताकद जाते. दुरुस्ती होईपर्यंत दुपारी एसी बंद, खिडकी उघडी आणि कूलर चालू ठेवा. सासऱ्यांना त्यानं जास्त आराम पडेल.