अकिलिस टेंडन (पोटरीचा स्नायू टाचेच्या हाडाला जोडणारा जाड पट्टा) पूर्ण तुटलंय, शस्त्रक्रियेचे कोणते पर्याय आहेत?

दुखापत ताजी असेल तर मुख्य प्रकार दोन. ओपन शस्त्रक्रियेत टाचेच्या वर मागच्या बाजूला छेद घेऊन तुटलेली टोकं (उसवलेल्या दोरासारखी पिंजलेली असतात ती) जुळवून शिवतात. शिवण भक्कम होते, पण तिथली त्वचा पातळ, त्यामुळे जखम चिघळण्याची भीती जास्त. दुसऱ्या प्रकारात बारीक छेदांतून टाके घालतात. जखम लवकर भरते, मात्र शेजारच्या नसेला इजा झाली तर पावलाची बाहेरची कड बधिर होऊ शकते. मधुमेह किंवा सिगारेट असेल तर मी आधी या दुसऱ्या प्रकाराचीच चौकशी करेन.

दीड-दोन महिने अंगावर काढले असतील तर टोकं आखडून मध्ये फट पडते. मग बऱ्याचदा अंगठा वाकवणारं टेंडन तिकडे वळवून जोडतात.