शूटिंगच्या वाड्याशेजारी होमस्टे: १२ लाखांचं कर्ज काढावं का?

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. सिंधुदुर्गातल्या आकेरीजवळ तुमचं वडिलोपार्जित घर आहे. ‘रात्रीस खेळ चाले’ या मालिकेचा वाडा बघायला लोक येतात, म्हणून परसात पाच खोल्या बांधायच्या. त्यासाठी बँकेचं १२ लाखांचं कर्ज घ्यायचं आणि ६ लाखांची एफडीही मोडायची. हिशेब तुम्ही असा मांडलाय: पाच खोल्या, वर्षाला २०० रात्री, १,५०० रुपये भाडं, म्हणजे १५ लाख. मुलगी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि घरात दुसरी शिल्लक नाही.

कर्ज काढू नका, एफडीही पूर्ण मोडू नका. होमस्टे मात्र जरूर करा.

माझी अडचण २०० रात्रींशी आहे. जून ते ऑगस्ट आपल्याकडे पाहुणा जवळजवळ नसतोच. गणपतीत खोल्या भरतील, पण तुमच्याच चाकरमान्यांनी, आणि दिराकडून भाडं कसं मागणार? उरते दिवाळी, नाताळ, मे महिना आणि मधले शनिवार-रविवार. मी ६० रात्री धरतो. पाच खोल्यांचे साडेचार लाख येतील. चादरी, वीज, स्वयंपाक, मदतीची बाई यात निम्मे गेले तर सव्वादोन लाख उरतील. १२ लाखांचं कर्ज १० टक्क्यांनी दहा वर्षांसाठी घेतलं तर हप्ता महिना साधारण १५,८५० रुपये, म्हणजे वर्षाला एक लाख नव्वद हजार. वर्षभर राबून तुमच्या हाती ३५ हजार. आणि रात्री ४० वर आल्या तर चाळीसेक हजार पदरचे घालावे लागतील.

मालिकेचा पहिला भाग २०१६ ला आला, दुसरा २०१९ ला, तिसरा २०२१ ला. प्रत्येक भागाबरोबर गर्दी पुन्हा उसळली. पुढचा भाग येईल या भरवशावर दहा वर्षांचा हप्ता बांधून घ्यायचा का? शिवाय वाडा तुमचा नाही. उद्या मालकांनी फाटक लावलं तर तुम्ही काही म्हणू शकत नाही. गेल्या दिवाळीत मी तिथे उभा होतो. कोल्हापूरची गाडी थांबली, मुलांनी फाटकाशी फोटो काढले, आजींनी लांबूनच हात जोडले, आणि दहा मिनिटांत सगळे गोव्याकडे निघाले. त्यांना मुक्काम नको होता. त्यातच झारापहून पत्रादेवीला जाणारा बाह्यवळण रस्ता झाल्यापासून गोव्याची बरीचशी गाडी आकेरीत शिरतच नाही.

वाईजवळचं मेणवली बघा. ‘स्वदेस’ येऊन गेला २००४ ला, तरी लोक आजही जातात, कारण नाना फडणवीसांचा वाडा आणि कृष्णेचा घाट सिनेमाच्या आधीपासून बघण्यासारखा आहे. तुमच्याकडेही असं आहे: आकेरीचं जांभ्या दगडातलं रामेश्वर मंदिर, सावंतवाडीचा मोती तलाव, लाकडी खेळणी, राजवाड्यातली गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेले गोल पत्ते. वाड्याच्या नावाने आलेला माणूस यांच्यासाठी रात्रभर थांबेल, आणि तुमच्या हातची सोलकढी प्यायला पुन्हा येईल.

म्हणून परसात नवीन बांधकाम नको. पडवीलगतच्या दोन खोल्या दुरुस्त करा, दोन चांगली न्हाणीघरं बांधा. एफडीतले ३ लाख यात घाला, उरलेले ३ लाख मुलीच्या शिक्षणासाठी ठेवा, त्याला हात लावू नका. दोन खोल्या, ६० रात्री, निम्मा खर्च वजा जाता ९० हजार उरतात. ४० रात्री झाल्या तरी ६० हजार, आणि डोक्यावर बँक नाही. पाच खोल्या बांधलेल्या एका घरी मी जुलैत गेलो होतो. बंद खोल्यांतल्या गाद्यांना बुरशी आली होती, आणि घरधनीण त्या एकेक करून चुलीच्या उबेला आणत होती. हप्ता मात्र पावसातही चुकत नव्हता. ते दृश्य मी विसरलेलो नाही.

आणखी एक गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही: सातबारा आणि घराची असेसमेंट, म्हणजे ग्रामपंचायतीतली घरपट्टीची नोंद, कोणाच्या नावावर आहे? आपल्याकडे बहुधा सामायिकच असतात. घर सामायिक असेल तर दुरुस्तीलाही दिरांची लेखी संमती घ्या. आज तोंडी ‘करा की’ म्हणणारा माणूस पैसे दिसू लागले की वाटा मागतो. यातून तुटलेली घरं मी पाहिली आहेत. त्यानंतर पर्यटन विभागाच्या न्याहारी व निवास योजनेत नोंदणी करा आणि जेवण देणार असाल तर अन्न परवाना काढा.

यंदाची दिवाळी आणि मे, एवढे दोन हंगाम वहीत लिहून काढा: किती रात्री, किती खर्च, पाहुणा कशासाठी आला. तिसऱ्या खोलीचं बोलायला ती वही घेऊन या.