बक्षिसाआधी वही

या वेळचे प्रश्न संस्था, शाळा आणि स्वयंसेवी गटांत काम करणाऱ्यांच्या कौतुकाबद्दलचे आहेत. जागेअभावी पत्रं थोडक्यात दिली आहेत.

प्रश्न : आमच्या संस्थेचे साठ सभासद आहेत. दरवर्षी 'उत्कृष्ट कार्यकर्ता' हा एकच पुरस्कार असतो आणि नाव कार्यकारिणी ठरवते. दर वेळी चार-पाच जण दुखावतात; यंदा दोघांनी येणंच सोडलं. पुरस्कार बंद करावा का? – एक कार्यवाह

बंद करू नका, नाव कशावरून ठरतं ते बदला. एका बैठकीत वर्षभराचं काम आठवायला बसलं, की डोळ्यांसमोर येतात ते शेवटचे दोन महिने आणि माईकसमोर उभी राहिलेली माणसं. आदल्या रात्री खुर्च्या मोजून घेणारा, पावत्या जुळवत बसणारी, तीन बैठका न आलेल्याला आवर्जून फोन करणारा, यांची नावं कोणाच्या तोंडी येत नाहीत. शिवाय आपलं काम आपल्याला नेहमीच जास्त आठवतं. मायकेल रॉस आणि फिओरे सिकोली यांनी १९७९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नवरा-बायकोला घरातल्या कामांतला आपापला वाटा विचारला होता. बहुतेक जोडप्यांत दोघांच्या वाट्यांची बेरीज एकूण कामापेक्षा जास्त भरली. तेव्हा तुमच्याकडचे दुखावलेले सभासद खोटं बोलत नाहीत. त्यांनी केलेलं त्यांना लख्ख आठवतंय, तुमच्याकडे मात्र त्याची नोंद नाही.

म्हणून आधी वही. पाच रकाने पुरतात : तारीख, नाव, नेमकं काय केलं, किती वेळ, कोणी पाहिलं. वेळ अर्ध्या तासाच्या हिशेबात लिहा. येण्याजाण्याचा वेळ धरायचा की नाही, ते वर्षाच्या सुरुवातीलाच ठरवा. नंतर सगळ्यात जास्त वाद त्यावरून होतात. नोंद त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी व्हावी. आठवड्यानंतर लिहिलेले तास अंदाजाचे असतात आणि अंदाज नेहमी गोल आकड्यांत येतो. ज्याने त्याने आपली नोंद करावी असा नियम केलात, तर संकोची माणसं कोरीच राहतात. दर महिन्याला एक नोंदकर्ता नेमा आणि प्रत्येक बैठकीच्या शेवटी पाच मिनिटं एकच प्रश्न विचारा : 'दुसऱ्या कोणी केलेलं, पण कोणाच्या लक्षात न आलेलं काम कोणतं?' स्वतःचं नाव घ्यायचं नाही. वहीतल्या सगळ्यात मोलाच्या नोंदी या पाच मिनिटांत मिळतात.

मग एकाच पुरस्काराच्या जागी टप्पे आणा : २५, ५० आणि १०० तास. जो तिथवर पोचेल त्या प्रत्येकाला मान, संख्या कितीही असो. इथे कोणी कोणाला हरवत नाही. तासांत न मावणारी कामं वेगळी धरा. खजिनदाराचे तास कमी भरतील, पण वर्षभराचा घोर त्याच्या डोक्याला असतो. अशा जबाबदाऱ्यांचा उल्लेख तास न बघता व्हायला हवा. एक विशेष पुरस्कार ठेवायचाच असेल, तर निकष वर्षारंभी जाहीर करा, निवड समिती तिघांची ठेवा, त्या तिघांना पुरस्कार नाही आणि एकदा मिळालेल्याला पुढची दोन वर्षं नाही.

प्रश्न : आमच्या गटात गुणपद्धत आहे. बैठकीला ५ गुण, उपक्रमाला १०, नवा सभासद आणला तर २०. सहा महिन्यांत सभासद दुप्पट झाले, पण उपक्रमाला पूर्वीपेक्षा कमी माणसं येतात. असं का? – गटप्रमुख

तुमच्या तक्त्यातच उत्तर आहे. तीन नावं आणणाऱ्याला ६० गुण, तेवढ्यासाठी दुसऱ्याला सहा उपक्रम राबावं लागतं. दोन बैठकांना नुसतं बसलं तरी एका उपक्रमाचे गुण मिळतात. लोकांनी लबाडी केलेली नाही; तुम्ही ज्याला भाव दिला ते त्यांनी आणून दिलं.

दुरुस्ती अशी करा. नव्या सभासदाचे गुण तो स्वतः तीन उपक्रमांना आल्यावरच द्या. बैठकीला १ गुण पुरे. उपक्रमानंतरच्या आवराआवरीला उपक्रमापेक्षा जास्त गुण द्या, कारण तिथेच माणसं कमी पडतात. महिन्याच्या गुणांना कमाल मर्यादा घाला, नाहीतर ज्यांच्याकडे रिकामा वेळ आहे तेच कायम पुढे राहतील आणि घरी लहान मूल किंवा आजारी माणूस असलेले मागे पडतील. दर सहा महिन्यांनी पाटी कोरी करा. नियम बदलायचे तर पुढच्या सहामाहीपासून. मिळालेले गुण मागे जाऊन कापले, तर पद्धतीवरचा विश्वासच उडतो.

क्रमवारीचा फलक लावला असेल, तर तो मात्र काढून टाका. पहिल्या पाचांत चुरस होते, पण तिसाव्या क्रमांकावरच्याला रोज फक्त आपण मागे असल्याचं कळतं. प्रत्येकाला त्याचे गुण आणि पुढचा टप्पा किती दूर आहे, एवढंच दाखवा.

नव्या माणसांकडे विशेष लक्ष द्या. याना गॅलस यांनी जर्मन विकिपीडियावर चार हजारांहून अधिक नवलेखकांवर प्रयोग केला, तो २०१७ साली प्रसिद्ध झाला. चिठ्ठ्या टाकाव्या तशा पद्धतीने काहींची निवड करून त्यांना बिनपैशांचा मानाचा उल्लेख दिला. पुढच्या महिन्यात टिकून राहिलेल्यांचं प्रमाण त्यांच्यात २० टक्क्यांनी जास्त निघालं. जुन्यांचा सत्कार आपण करतोच. पहिल्या महिन्यातल्या माणसाला मात्र सहसा कोणी काही म्हणत नाही.

प्रश्न : शंभर टक्के उपस्थितीचं पदक शाळेत सुरू ठेवावं का? आणि वाचन, चित्रकला यांनाही बक्षिसं लावावीत का? – एक शिक्षिका

बाई, पदकाचा तोटा दोन ठिकाणी होतो. मूल तापाने फणफणलं असलं तरी शाळेत येतं. आणि पहिल्याच महिन्यात एक दिवस बुडाला, की त्या मुलापुरतं पदक वर्षभरासाठी संपलेलं असतं. अमेरिकेत पंधरा हजारांहून अधिक विद्यार्थ्यांवर झालेला एक मोठा प्रयोग २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. बक्षीस मिळेल असं आधी सांगितलेल्यांची उपस्थिती वाढली नाही, आणि न सांगता नंतर दिलेल्यांची उलट घटली. अभ्यासकांचा कयास असा, की बक्षिसामुळे मुलांना वाटलं, आपण गरजेपेक्षा जास्त येतोय, बाकीचे एवढे येत नाहीत. त्याऐवजी गेल्या महिन्यापेक्षा सुधारणा झाली का ते बघा आणि घरी दोन ओळींची चिठ्ठी पाठवा.

चित्रकलेबाबत १९७३ चा प्रयोग लक्षात ठेवावा. मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी चित्रं काढायची आवड असलेली बालवाडीतली मुलं निवडली. काहींना आधीच सांगितलं, की चित्र काढलंत तर सोनेरी शिक्का आणि लाल फीत लावलेलं प्रशस्तिपत्र मिळेल. एक-दोन आठवड्यांनी मोकळ्या वेळात ही मुलं इतरांच्या जवळपास निम्माच वेळ चित्रं काढताना दिसली. ज्यांना तेच पत्र न सांगता मिळालं, त्यांची आवड कमी झाली नाही. हे लागू होतं ते आधीपासून आवडणाऱ्या गोष्टींना. पुस्तकं आवरणं, कपाट पुसणं अशा कंटाळवाण्या कामांना छोटं बक्षीस खुशाल लावा. वाचणाऱ्या मुलाला मात्र पुढचं पुस्तक निवडायचा पहिला मान द्या.

प्रश्न : स्वयंसेवकांना थोडं मानधन दिलं तर उत्साह वाढेल का? – विश्वस्त

थोडं दिलंत तर बहुधा घटेल. उरी ग्नीझी आणि आल्दो रुस्तिचिनी यांनी इस्रायलमध्ये दारोदार देणग्या गोळा करणाऱ्या विद्यार्थ्यांवर केलेला प्रयोग २००० साली प्रसिद्ध झाला. जमलेल्या रकमेच्या एक टक्का मोबदला मिळालेल्यांनी काहीच न मिळालेल्यांपेक्षा कमी पैसे आणले. दहा टक्केवाल्यांनी एक टक्केवाल्यांपेक्षा जास्त आणले, तरी ते बिनपैशांच्या गटाच्या पुढे गेले नाहीत. प्रवास, फोन, साहित्य यांचा खर्च मात्र पै-पै परत करा, तोही आठवड्याच्या आत. पदरचे पैसे घालून काम करणारा माणूस तक्रार करत नाही, फक्त यायचा थांबतो.

प्रश्न : एक जुन्या सभासद सत्कार नको म्हणतात. आग्रह करावा का? – सहकार्यवाह

नको. सभासद होतानाच्या अर्जात एक ओळ घाला : 'कौतुक कसं आवडेल – सर्वांसमोर, पत्राने की खासगीत?' त्या ताईंना अध्यक्षांनी स्वतः भेटून सांगावं, की त्यांच्यामुळे काय झालं. ॲडम ग्रँट आणि फ्रान्सेस्का जिनो यांच्या २०१० च्या अभ्यासात विद्यापीठासाठी देणग्या मागणाऱ्या कर्मचाऱ्यांना संचालिकेने प्रत्यक्ष येऊन आभार म्हटले, तेव्हा त्यांचे आठवड्याचे फोन सुमारे ५० टक्क्यांनी वाढले.

प्रश्न : प्रमाणपत्रावर मजकूर काय असावा? – समारंभ समिती

'संस्थेच्या कार्यात मोलाचा सहभाग दिल्याबद्दल' हे वाक्य कोणालाही चालतं, म्हणून कोणालाच लागत नाही. वही उघडा आणि तिच्यातून लिहा : 'वर्षभरात अकरा शनिवारी वाचनालयाची सातशे पुस्तकं विषयवार लावली. आता हवं ते पुस्तक दोन मिनिटांत हाती येतं.' काम, आकडा, परिणाम. दोन वाक्यांत बसतं. कागद ए-४, २५० ते ३०० जीएसएमचा (हे कागदाच्या जाडीचं माप) घ्या, पातळ कागद चौकटीत लाटा धरतो. छपाईआधी प्रत्येकाचं नाव त्याच्याकडूनच लिहून घ्या. ऱ्हस्व-दीर्घ चुकलेलं नाव माणूस भिंतीवर लावत नाही. सही हाताने करा. जे समारंभाला आले नाहीत त्यांची पत्रं आठ दिवसांत घरी पोचवा आणि ते काम कोणाचं, हे समारंभाआधीच ठरवून वहीत लिहा.