एका खिळ्याची परवानगी

"ताई, भाडं म्हणजे पैसे पाण्यातच ना हो?"

ठाण्यात समुपदेशन करताना हा प्रश्न कुणी ना कुणी विचारतंच. या वेळी विचारला वाघबीळला राहणाऱ्या एका जोडप्याच्या आईने. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत.)

मुलगा-सून दोघंही नोकरीला, मिळून हातात महिना सव्वा लाख. भाडं २७ हजार. त्याच इमारतीत तसाच फ्लॅट विकत घ्यायचा तर एक कोटी. सुनेने वहीत हिशोब मांडून आणला होता. ७५ लाखांचं कर्ज, साडेआठ टक्के, २० वर्षं. हप्ता साधारण ६५ हजार. त्यातले पहिल्याच महिन्यात ५३ हजार नुसतं व्याज. वर पदरचे २५ लाख आणि मुद्रांक शुल्काचे सातेक लाख वेगळे. साठलेले होते १८.

"आता सांगा, पाण्यात कुठले पैसे जातायत?" वही माझ्यापुढे सरकवत तिने विचारलं.

आकडे चुकले नव्हते. पुढे घराचा भाव किती चढेल यावर सगळं फिरतं, हे मी बोलले, पण ते कुणाला ठाऊक असतं? शिवाय मी स्वतः हप्ते फेडून घर केलेली बाई. मी कुठल्या तोंडाने भाड्याची वकिली करायची? वही मिटली.

"काकू, त्या घरात तुम्हाला नेमकं काय खुपतं?"

पदराचं टोक बोटाला गुंडाळत त्या बराच वेळ बसल्या. मग म्हणाल्या, "ह्यांचा फोटो दोन वर्षं फ्रीजवर टेकवून ठेवलाय. भिंतीला खिळा मारायचा नाही म्हणे. करारात आहे."

सून चपापली. "आई, मला वाटलं, स्वयंपाक करताना समोर असावा म्हणून तुम्हीच ठेवलाय."

मग कोपरीच्या चाळीतलं सगळं निघालं. लग्नानंतर नऊ वर्षांत तीनदा बिऱ्हाड हलवलेलं. एकदा तर ऐन श्रावणात, कडेवर हाच मुलगा, मालकाने नळ तोडलेला. करार वगैरे काही नव्हताच, सगळं तोंडी. मुलगा खाली मान घालून ऐकत होता. यातलं त्याला काहीच माहीत नव्हतं.

त्यांच्या भीतीला व्याजाचा तक्ता दाखवून उपयोग नव्हता. कागद दाखवण्यात मात्र अर्थ होता. पुढच्या वेळी मुलाने लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे घर भाड्याने राहायला घेतल्याचा, करार आणला आणि आईला ओळ न् ओळ वाचून दाखवला. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ नुसार करार लेखी करून त्याची नोंदणी करणं ही मालकाची जबाबदारी आहे, हे ऐकून त्यांनी तो कागद हातात घेतला आणि शिक्का बघितला. मुदत अकराच महिन्यांची होती, ती त्यांना टोचली. टोचणारच. नूतनीकरणाच्या वेळी मुलाने ३६ महिन्यांचा करार मागितला, त्यात मालकाला मुदतीआधी घर खाली करून घेता येणार नाही असं कलम घालून घेतलं, आणि हॉलच्या भिंतीला एक खिळा मारायची परवानगी लेखी मागितली. मालकाने भाडं हजाराने वाढवलं, बाकी हो म्हणाला.

हॉलमध्ये ड्रिल सुरू व्हायच्या आधी काकूंनी मुलाला दोनदा विचारलं म्हणे, "मालकाला नक्की विचारलंयस ना?"

फोटो लागला. घोडबंदर रोडवरच्या नव्या टॉवरांच्या जाहिराती मात्र त्या अजूनही सुनेला पाठवतात, रोज सकाळी एक.